विकास योजनेत घरांची गरज कशी मांडायची? (ब वर्ग नगरपरिषद, पुढच्या २० वर्षांचा हिशेब)

चावडी यांचा प्रश्न:

नमस्कार. आमची ब वर्ग नगरपरिषद आहे. शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या जुन्या विकास योजनेची मुदत संपत आली. सुधारित योजनेचा इरादा जाहीर झालाय आणि विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण सुरू आहे. पुढच्या पंधरवड्यात विशेष सभा लागणार आहे. विषयपत्रिकेत एकच ओळ आहे: 'शहराची भावी गृहनिर्माण गरज व दीर्घकालीन नियोजन याबाबत चर्चा करणे.'

आतापर्यंतच्या बैठकांत एकच उत्तर मिळतं: 'निवासी पट्टा दुप्पट करतोय, म्हणजे घरांचा प्रश्न सुटला.' हे पटत नाही, पण खोडायला हातात आकडे नाहीत. जाणकारांना विचारायचं आहे:

१) २० वर्षांत किती घरं लागतील हे नगरपरिषदेच्या पातळीवर, बाहेरचा सल्लागार न नेमता, कसं काढायचं?
२) निवासी पट्टा वाढवला की परवडणारी घरं होतात का? नसतील होत, तर योजनेत नेमकं काय मागायचं?
३) गरिबांच्या घरांसाठी जमिनीवर आरक्षण टाकलं तर ते टिकतं का? मागच्या योजनेतली बरीच आरक्षणं कागदावरच राहिली.

सभेत मांडता येईल असं ठोस काही हवं आहे.

---

नकाशा_क्र_४:

प्रश्न अगदी योग्य वेळी विचारलात. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की मग फक्त हरकत घेता येते, आणि हरकतीतून एखादं आरक्षण हलतं, योजनेचा पायाच बदलत नाही. पाया आत्ता ठरतोय. म्हणून पहिल्या प्रश्नाला जरा सविस्तर लिहितो.

लोकसंख्येपासून सुरुवात करा, कारण सगळी योजना त्या एका आकड्यावर उभी असते. शेवटची हाती असलेली जनगणना २०११ची. नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, म्हणजे तिचे आकडे येईपर्यंत तुमचं प्रारूप बहुधा तयार झालेलं असेल. तोवर अंदाजावर चालावं लागेल, आणि अंदाजाची पद्धत बदलली की उत्तर किती बदलतं ते बघा. समजा शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये ५० हजार, २००१ मध्ये ६० हजार, २०११ मध्ये ७५ हजार होती. २०४६ साठी:

– अंकगणिती पद्धतीने (दर दशकाला सरासरी साडेबारा हजारांची भर): सुमारे १ लाख १९ हजार
– भूमितीय पद्धतीने (वाढीच्या टक्केवारीवर): सुमारे १ लाख ५२ हजार
– वाढीव-वृद्धी पद्धतीने (भरीतलीही भर धरून): सुमारे १ लाख ५८ हजार

खालच्या आणि वरच्या आकड्यात ३९ हजार माणसांचा फरक. दर कुटुंबात ४.२ माणसं धरली तर नऊ हजारांहून अधिक घरं. अहवालात एकच आकडा छापलेला असतो आणि तो कुठल्या पद्धतीचा हे तळटीपेत दडलेलं असतं. सभेत पहिला प्रश्न हाच विचारा: पद्धत कोणती, आणि तीच का?

दुसरी पायरी कुटुंबांची. घर माणसाला नाही, कुटुंबाला लागतं. कुटुंबं लहान होत चालली आहेत, त्यामुळे लोकसंख्या स्थिर राहिली तरी घरांची मागणी वाढते. १ लाख माणसं ४.६ च्या कुटुंबात राहिली तर २१,७०० घरं पुरतात, ४.२ वर आली की २३,८०० लागतात. एकही नवा माणूस न येता दोन हजार घरं वाढली.

आजची कुटुंबं मोजायला चार नोंदी तुमच्याच गावात आहेत: मालमत्ता कर आकारणीची नोंदवही, पाणीपट्टीच्या जोडण्या, महावितरणचे घरगुती ग्राहक आणि शिधापत्रिका. एकीवर विसंबू नका. कर नोंदवहीत मालमत्ता मोजल्या जातात, कुटुंबं नाहीत. पाच भाडेकरू असलेला वाडा तिथे एकच ओळ असतो. वीजमीटर उलट चूक करतात, कारण कुलूपबंद फ्लॅटलाही मीटर असतो. पण याचा एक फायदा आहे: वर्षभर नाममात्र युनिट जाळणारे घरगुती मीटर वेगळे काढले की रिकाम्या घरांचा बऱ्यापैकी अंदाज येतो. हा आकडा मुख्याधिकाऱ्यांमार्फत प्रभागनिहाय, नावांशिवाय मागवा.

तिसरी पायरी अनुशेषाची, आणि इथेच बहुतेक योजना गप्प बसतात. केंद्राच्या तांत्रिक गटाने २०१२ साली देशातल्या शहरी घरांची तूट १ कोटी ८७.८ लाख काढली. त्यात बेघर फक्त ५.३ लाख आणि राहण्यालायक नसलेली कच्ची घरं ९.९ लाख होती. जीर्ण घरं २२.७ लाख, आणि उरलेली जवळजवळ १ कोटी ५० लाख म्हणजे दाटीची कुटुंबं, ज्यांच्या घरात विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नाही. तुटीतला सुमारे ९५ टक्के वाटा आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाचा. त्याच सुमारास, २०११च्या जनगणनेत, शहरी भारतात १ कोटी १० लाखांहून अधिक घरं रिकामी होती. म्हणजे घरं बांधली जात होती, पण ज्यांना हवी त्यांच्या आवाक्यातली नव्हती. 'पट्टा वाढवला की प्रश्न सुटला' याला सभेत द्यायचं उत्तर हेच.

दाटी मोजायला नमुना पाहणी करा. २४ हजार कुटुंबं असतील तर ५ टक्के म्हणजे १,२००. वीस जणांनी रोज पंधरा घरं केली तर चार दिवसांचं काम. प्रश्न दहाच ठेवा: माणसं किती, विवाहित जोडपी किती, खोल्या किती, छत-भिंत कशाची, संडास स्वतःचा की सामायिक, घर मालकीचं की भाड्याचं, भाडं किती, महिन्याचं उत्पन्न, कामाची जागा किती लांब, जागेचा कागद कोणता. घरं निवडताना प्रत्येक प्रभागात यादीतलं दर विसावं घर घ्या. कार्यकर्त्यांनी ओळखीची घरं निवडली की पाहणी बाद.

आता जमीन. समजा आज १ लाख माणसं आहेत आणि २०४६ साठी दीड लाख धरली. वाढीव ५० हजार. केंद्राच्या २०१४च्या नगर नियोजन मार्गदर्शक सूचनांत मध्यम शहराला हेक्टरी १०० ते १५० माणसं ही विकसित क्षेत्राची घनता धरली आहे. १२५ धरली तर ४०० हेक्टर नवं विकसित क्षेत्र लागतं आणि त्यातला ४५ टक्के, म्हणजे १८० हेक्टर, प्रत्यक्ष निवासी. तुमच्या प्रारूपात नवा पिवळा (नकाशावर निवासी) पट्टा याच्या दुप्पट-तिप्पट दिसला तर आनंद मानू नका. तेवढ्या क्षेत्रावर रस्ता, पाणी, गटार नगरपरिषदेला न्यावं लागणार. ५० हजार माणसांना दरडोई १३५ लिटरने रोज साडेसदुसष्ट लाख लिटर पाणी लागतं, गळती धरून ७९ लाखांच्या आसपास, आणि ५४ लाख लिटर सांडपाणी तयार होतं. हीच माणसं तिप्पट जागेत विखुरली तर पाणी तेवढंच लागतं, पण नळ आणि गटाराची लांबी कितीतरी वाढते. मग अर्धा पिवळा पट्टा टँकरवर राहतो आणि तिथला भाव मात्र निवासीचा होतो.

---

वेशीबाहेर:

वरच्या हिशेबाला एक जोड देतो. हद्दीतली लोकसंख्या वाढत नाही म्हणून गरज नाही, असा निष्कर्ष काढू नका. कराडची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात थोडी घटली, पण लगतचं मलकापूर वाढत होतं. माणसं शहरात कामाला येतात आणि राहायला वेशीबाहेर जातात, कारण तिथे गुंठा परवडतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शहराच्या मंजूर रेखांकनात एवढा लहान भूखंड मिळत नाही, मिळाला तर भाव झेपत नाही. म्हणून शेतातला तुकडा मुद्रांकावर लिहून घेतला जातो.

याचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सहा-सात फुटी बोळ, गटार नाही, अग्निशमन गाडी वळत नाही. मग गुंठेवारी (असे विनामंजुरी पाडलेले गुंठा-गुंठ्याचे भूखंड) नियमितीकरण येतं. २००१च्या कायद्यात १ जानेवारी २००१ पर्यंतची गुंठेवारी होती. २०२१च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. २० वर्षांनी तीच रांग पुन्हा लागली, कारण मधल्या काळातल्या योजनांत लहान भूखंड कुठेच नव्हता.

तेव्हा लगतच्या तीन-चार गावांची २००१ आणि २०११ची लोकसंख्या व गेल्या दहा वर्षांत ग्रामपंचायतीकडे नव्याने लागलेल्या घरांची संख्या मागवा आणि शहराच्या तक्त्याशेजारी मांडा. हद्दवाढ झाली नाही तरी ती माणसं तुमच्याच बाजारात, शाळेत, दवाखान्यात येतात. रस्त्यांची आखणीही वेशीवर थांबवता येत नाही: तुमचा १८ मीटरचा रस्ता हद्द संपताच प्रादेशिक योजनेत ९ मीटरचा होत असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या.

---

हिशेबनीस:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पैशात देतो, कारण सभेत तेच पटकन कळतं.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये आर्थिक दुर्बल गटाची मर्यादा वार्षिक ३ लाख, अल्प उत्पन्न गटाची ६ लाख, मध्यम गटाची ९ लाख. (म्हाडाच्या सोडतीच्या मर्यादा वेगळ्या असतात, दोन्ही तक्ते एकत्र करू नका.) वर्षाला ३ लाख म्हणजे महिना २५ हजार. त्यातले ३० टक्के, साडेसात हजार, हप्त्याला जाऊ शकतात. ९ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर लाखाला ९०० रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज ८ लाख ३० हजार. केंद्राचं दीड आणि राज्याचं एक असं अडीच लाख अनुदान मिळालं तर १० लाख ८० हजार.

आता घराची किंमत. ३० चौरस मीटर चटई क्षेत्र (घराच्या आतली वापरायची जागा) म्हणजे ३२३ चौरस फूट. भिंती, जिना, मार्गिका धरून सव्वाचारशे. बांधकाम २,२०० रुपयांनी धरलं तर साडेनऊ लाखांच्या जवळ. आतले रस्ते, पाणी, गटार यांचे ७०-८० हजार. झाले सव्वादहा. जमिनीला उरले जेमतेम ५५ हजार. चार मजली इमारतींत एकरी शंभर घरं बसवली तरी याचा अर्थ एकराला ५५ लाखांच्या वर देता येत नाही. तुमच्या गावातला बांधकामाचा आणि जमिनीचा दर घालून हाच तक्ता करा. पिवळ्या पट्ट्यातली जमीन त्या भावात मिळते का, हे नगरसेवक तोंडपाठ सांगतील.

आणि ही गटाच्या वरच्या टोकाची कथा आहे. महिना १५ हजार मिळवणाऱ्याला साडेचार हजार हप्ता झेपतो, कर्ज ५ लाख, अनुदान धरून साडेसात. त्याला जमीन फुकट दिली तरी तयार फ्लॅट घेता येत नाही. म्हणून 'परवडणारी घरं' असा एकच डबा ठेवू नका. तीन वेगळ्या गोष्टी मागा.

पहिली, लहान भूखंड. ३० ते ५० चौरस मीटरचे, रस्ता-पाणी-गटारासह. रस्ते आणि मोकळी जागा वगळून ५५ टक्के जमीन उरली तर ४० चौरस मीटरचे एकरी ५० ते ५५ भूखंड पडतात. कुटुंब आधी एक खोली बांधतं, पाच वर्षांनी दुसरी, मग माडी. वैयक्तिक घरकुलाचं अनुदान यालाच लागू पडतं, अट एकच: जागेची कायदेशीर मालकी. आज घरकुलाची प्रकरणं सगळ्यात जास्त अडकतात ती इथेच. सातबारा आजोबांच्या नावावर असतो, वाटणी झालेली नसते, नाहीतर जागा सरकारी असते.

दुसरी, भाड्याची घरं. आवास योजना २.० मध्ये परवडणारी भाडेघरं हा स्वतंत्र घटक आहे. औद्योगिक वसाहत, बाजार समिती, मोठं रुग्णालय असलेल्या गावात याची गरज मोठी असते आणि योजनेत त्यासाठी एक चौरस मीटरही राखलेला नसतो.

तिसरी, आहे तिथेच सुधारणा. जुनी वस्ती पाच किलोमीटरवर हलवून बांधलेल्या इमारती कित्येक गावांत अर्ध्या रिकाम्या आहेत. कारणं ठरलेली: काम लांब, पाण्याचा पंप बंद, देखभालीचा खर्च कोणी भरायचा हे ठरलेलं नाही, लाभार्थी हिस्सा भरता आला नाही. जागेवरच मालकी पट्टा, ६ मीटरचा रस्ता आणि गटार दिलं तर त्याच पैशात जास्त कुटुंबांचा प्रश्न सुटतो.

---

अंतिम_भूखंड:

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. आरक्षण का टिकत नाही, त्याचं कारण कलम १२७ मध्ये आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार योजना अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक मालकीच्या कागदांसह खरेदी सूचना देतो. त्यानंतर २४ महिन्यांत (२०१५च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत १२ महिने होती) संपादन झालं नाही किंवा त्यासाठीची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. २०१३च्या भूसंपादन कायद्याने शहरी जमिनीला बाजारमूल्याइतकीच दिलासा रक्कम वर द्यावी लागते, म्हणजे किंमत दुप्पट. ब वर्ग नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात हे पैसे कुठून येणार? बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या म्हणावं, तर तो विकत घेणारा बिल्डर लहान गावात नसतो. पुण्यात चालणारं साधन इथे चालेलच असं नाही.

म्हणून खासगी जमिनीवर 'आर्थिक दुर्बल घटकांसाठी घरे' असा शिक्का मारून समाधान मानू नका. क्रम असा ठेवा:

आधी नगरपरिषदेच्या आणि शासनाच्या जमिनी. मालमत्ता विभागाची यादी, भूमी अभिलेखकडचे मिळकत पत्रिकेचे उतारे आणि तलाठ्याकडचे सातबारे एकमेकांशी ताडून पाहा. तिन्हींत न जुळणाऱ्या जमिनी सापडतात. मोजणी करून नकाशावर घ्या.

मग समावेशक आरक्षण. यात मालक स्वतः विकास करतो, ठरलेला भाग बांधून नगरपरिषदेला देतो आणि उरलेला स्वतः वापरतो. राज्याच्या बांधकाम व विकासाच्या एकत्रिकृत नियमावलीत (यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० पासून लागू) यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. संपादनाचा पैसा लागत नाही. मात्र मालकाला उरणाऱ्या भागातून फायदा होईल असं ठिकाण हवं, गावाबाहेरच्या खडकाळ रानात कोणी पुढे येत नाही.

आणि तिसरं, मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते: नगररचना योजना. कलम ५९ पासून पुढे. वीस-तीस मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र घेऊन रस्ते, बाग, शाळा काढायच्या आणि उरलेली जमीन प्रत्येकाला चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या अंतिम भूखंडाच्या रूपात परत द्यायची. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) म्हाळुंगे-माण योजनेत मालकांना मूळ क्षेत्राच्या ५० टक्के भूखंड परत देण्याचं सूत्र होतं. क्षेत्र निम्मं झालं तरी भाव वाढतो, म्हणून मालक तयार होतात. कायद्यात योजनेच्या क्षेत्रातला १० टक्क्यांपर्यंत भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. ४० हेक्टरची योजना केली तर ४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ १० एकर, एक रुपया मोबदला न देता हाती. वर हिशेबनीस यांनी काढलेल्या ४० चौरस मीटरच्या भूखंडांत मोजलं तर पाचशे कुटुंबं.

---

हिशेबनीस:

नगररचना योजनेचं गणित मान्य, पण लहान नगरपरिषदेत ती चालवणार कोण? इरादा, प्रारूप, मंजुरी, लवाद, प्राथमिक योजना, अंतिम योजना. प्रत्येक टप्प्यावर मोजणी आणि सुनावणी. एका नगररचना सहायकाच्या जोरावर हे होत नाही. आणि लवादाकडे प्रकरण रखडलं की ना मूळ मालकाला बांधता येतं, ना नगरपरिषदेला रस्ता मिळतो.

---

अंतिम_भूखंड:

रास्त शंका आहे. त्यामुळे पहिली योजना मोठी घेऊ नये, २० ते ४० हेक्टर पुरे. कमी मालक, वाद नसलेले सातबारे, अजून बांधकाम न झालेली जमीन आणि एक तरी मंजूर रुंद रस्ता जवळ, असं क्षेत्र निवडा. सहायक संचालक, नगररचना यांच्या कार्यालयाकडून अधिकारी प्रतिनियुक्तीवर मागता येतो. मोजणीचं शुल्क आधी भरा, विलंब बहुतेक वेळा तिथे होतो. प्रारूप मंजूर झाल्यावर रस्त्यांचा ताबा घेता येतो, अंतिम योजनेपर्यंत थांबावं लागत नाही. हे मालकांना सुरुवातीच्या सभेतच सांगितलं की विरोध बराच निवळतो.

---

चावडी:

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या. एक, काही सदस्य म्हणतात की मोठ्या बिल्डरला २० टक्के घरं गरिबांसाठी द्यावीच लागतात, मग वेगळं काही कशाला? दोन, गावाला मोठं गायरान आहे, तिथेच घरकुलं बांधावीत असा आग्रह आहे. शिवाय ठरावात नेमकं काय लिहायचं तेही कोणी सुचवलंत तर उपकार होतील.

---

नकाशा_क्र_४:

२० टक्क्यांची तरतूद (४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर, ३० ते ५० चौरस मीटरचे भूखंड किंवा सदनिका) एकत्रिकृत नियमावलीत मुळात १० लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी आणली आहे. ब वर्ग नगरपरिषदेला ती आपोआप लागत नाही. सभेत तिच्यावर भिस्त ठेवून बसलात तर हाती काहीच येणार नाही. जिथे ती लागू आहे तिथेही ३,९०० चौरस मीटरचे तुकडे पाडून पळवाट काढली जाते. तुम्ही ठरावाने शासनाला विनंती करू शकता, पण योजनेचा आधार ती धरू नका.

गायरानाबाबत जपून. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सार्वजनिक वापराच्या गावजमिनी खासगी वापराला देण्यावर कडक निर्बंध घातले आणि त्याच वर्षी राज्यानेही शासन निर्णय काढला. तिथे घरकुलं दाखवून योजना मंजूर झाली तरी याचिकेत अडकेल आणि लाभार्थ्यांचे हप्ते थांबतील. तिथे आधीच वसलेली कुटुंबं असतील तर त्यांचं प्रकरण वेगळं चालवा, महसूल खात्याशी.

ठरावाबद्दल: 'चर्चा झाली, सर्वानुमते मंजूर' एवढंच इतिवृत्तात आलं तर सभा वाया गेली. सूचक-अनुमोदकासह लेखी मसुदा आधीच द्या. विशेष सभेला ३ पूर्ण दिवसांची नोटीस लागते, तेवढ्यात तक्ते तयार होत नाहीत, त्यामुळे आत्ताच लागा. मसुद्यात एवढं यावं:

'सुधारित विकास योजनेच्या अहवालात (अ) २०४६ चा लोकसंख्या अंदाज किमान तीन पद्धतींनी काढून निवडीचं कारण नमूद करावं; (आ) घरांची गरज उत्पन्न गटनिहाय व प्रभागनिहाय, दाटी आणि जीर्ण घरांच्या अनुशेषासह दाखवावी; (इ) नवा निवासी पट्टा पाणी व मलनिस्सारणाच्या क्षमतेशी जोडून दोन टप्प्यांत दाखवावा; (ई) सोबतच्या यादीतील नगरपरिषद व शासकीय जमिनी, गट क्रमांक व क्षेत्रासह, लहान भूखंड आणि भाडेघरांसाठी दर्शवाव्यात; (उ) एका क्षेत्रावर नगररचना योजना प्रस्तावित करावी; (ऊ) २०२७ च्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर हा तक्ता पुन्हा तपासून सभेपुढे ठेवावा.'

जमिनींची यादी ठरावाला परिशिष्ट म्हणून जोडा. गट क्रमांकाशिवायची मागणी नकाशावर उतरत नाही. राज्याच्या २०२५च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे. प्रस्तावनेत त्याचा उल्लेख करा म्हणजे पुढे निधी मागताना दुवा राहतो.

आणि वेळेचं भान ठेवा. पुण्याच्या जुन्या हद्दीची २००७ ते २०२७ साठीची योजना २०१३ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाली, ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या, २०१५ मध्ये राज्याने ती महापालिकेकडून काढून घेतली आणि मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये मिळाली. निम्मा काळ मंजुरीतच गेला. मधल्या दहा वर्षांत जमिनींवर जे व्हायचं ते होऊन जातं.

---

वेशीबाहेर:

पुढचा टप्पा हरकतींचा, त्याची तयारीही आत्ताच करून ठेवा. मुदत राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून मोजतात, पेपरात वाचल्यापासून नाही. एकाच मजकुराच्या हजार सह्या दिल्या तर त्यावर एकच ओळीचा अभिप्राय येतो. त्याऐवजी मुद्दा वेगळा तर अर्ज वेगळा: गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, नकाशाचं पान, आरक्षण क्रमांक, काय बदल हवा, का हवा, सोबत सातबारा आणि मोजणी नकाशा. सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यावर तीन सदस्य तुमच्या सभागृहातले आणि कमाल चार शासनाने नेमलेले जाणकार असतात. ते तीन कोण असावेत याचा विचार पक्षीय वाटपाने करू नका. नकाशा वाचता येणारा, सगळ्या सुनावण्यांना बसणारा सदस्य तिथे हवा.

---

पूररेषा:

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून भर घालते. १८० हेक्टर निवासी क्षेत्र मोजताना नदीकाठची जमीन त्यात धरलेली नाही ना, ते तपासा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत नवं निवासी बांधकाम नको. दोन्ही रेषांमध्ये जोत्याच्या उंचीच्या अटी येतात, आणि त्या अटींनी लहान घराचा खर्च इतका वाढतो की दुर्बल गटासाठी ती जागा बादच समजा. २०१९ आणि २०२१ला सांगली-कोल्हापुरात पाणी कुठवर चढलं ते सर्वांनी पाहिलं आहे.

स्वस्त म्हणून नेमकी हीच जमीन घरकुलांसाठी पुढे केली जाते. जलसंपदा विभागाकडून प्रमाणित पूररेषेचा नकाशा मागवा आणि तो विद्यमान जमीन वापर नकाशावर चढवून घ्या. रेषा आखलेलीच नसेल तर त्या मागणीचं पत्र ठरावाच्या आधी गेलं पाहिजे, कारण सर्वेक्षणाला एक पावसाळा लागू शकतो. काठावर आज राहणाऱ्या कुटुंबांची संख्या वेगळ्या रकान्यात लिहा. त्यांना पर्यायी जागा कोणत्या गटात देणार, हे ठरावातल्या (ई) यादीत त्या गट क्रमांकासमोर लिहून टाका.